गालभर हवा

लहान मूल रुसलं की गाल फुगवून बसतं. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटलाही सीटी स्कॅनच्या टेबलावर पुष्कळदा हेच सांगतात: ओठ मिटा, गाल फुगवा, तसेच राहा.

कशासाठी? खोपोली लोकलच्या डब्यात किंवा कर्जतच्या एखाद्या बांधावर, भातलावणीच्या मधल्या विसाव्यात बघा. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात जाते. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर अनेकदा तिथेच मूळ धरतो. एरवी गाल हिरडीला टेकलेला असतो. स्कॅनमध्ये दोन्ही एकाच करड्या रंगात मिसळतात आणि गाठ नेमकी कुणाची, कळत नाही. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००. गाल फुगला की मधोमध हवेची काळीभोर रेघ उमटते आणि गाल, हिरडी, गाठ वेगवेगळी दिसतात. ना इंजेक्शन, ना खर्च; नुसता तोंडात धरलेला श्वास!

पुढचा प्रश्न जबड्याचा. घाटातले बोगदे कर्जतकरांना नवे नाहीत. पण तसाच एक बोगदा खालच्या जबड्याच्या हाडात, दाढांच्या मुळांखालून जातो. त्यातून दातांना आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस धावते. हाडाचं टणक कवच कुठे कुरतडलं गेलंय ते सीटी दाखवतं. आतल्या मगजात किंवा नसेच्या वाटेने रोग शिरलाय का, ते एमआरआय दाखवतं. तेही क्ष-किरणांशिवाय, शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला चुंबकाने बोलतं करून. रोग कवचालाच टेकला असेल, तर वरची कड काढून जबडा सलग राखता येतो. मगजात गेला असेल, तर अख्खा तुकडा काढावा लागतो. मग बऱ्याचदा पायातलं फिब्युला हे हाड घेऊन त्याचा नवा जबडा घडवतात.

जिभेवर हिशेब खोलीचा. कॅन्सरची पायरी ठरवणाऱ्या, २०१८पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात गाठीच्या रुंदीबरोबर खोलीही मोजतात. दोन सेंटिमीटरहून लहान गाठ ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली, की पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते. रोपटं इवलंसं, मूळ मात्र खोल.

एवढं पाहूनही काही निसटतंच. मानेतल्या लसिकाग्रंथींमधल्या कॅन्सरच्या मूठभर पेशी स्कॅनला दिसत नाहीत. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटच्या या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. म्हणून स्कॅन सर्जनला वाट दाखवतो; पण रोग कुठवर पोचला होता याचा शेवटचा दाखला ऑपरेशननंतर मायक्रोस्कोपखालची काचपट्टीच देते.