दुसरी किल्ली लावून पाहिली का?

प्रयोगशाळेच्या कपाटाची दुसरी किल्ली बहुतेक शाळांत कार्यालयातल्या खणात असते. ती आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ती त्या कुलपाला खरेच लागते का, हे आपण शेवटचे कधी पाहिले? संगणकाच्या जगात एका कंपनीला हा प्रश्न ऐन संकटात पडला.

गुणपत्रक असो की बँकेचे खाते, आज पुष्कळशी माहिती आपल्या टेबलावरच्या संगणकात नसते. ती सर्व्हर नावाच्या, सतत चालू राहणाऱ्या संगणकांत असते. गिटलॅब ही कंपनी जगभरातल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम अशा सर्व्हरवर सांभाळते. २०१७ साली तिच्या मुख्य माहितीसाठ्याचे दोन सर्व्हर होते : एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल ठेवणारा.

मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल एका वहीत टिपतो, असे समजा. दुसरा ती वही वाचून तेच बदल स्वतःकडे करतो. वहीची जुनी पाने मात्र काही काळाने फाडली जातात. ३१ जानेवारी २०१७ रोजी कामाचा ताण वाढला, दुसरा सर्व्हर मागे पडला आणि त्याने वाचण्याआधीच पाने फाडली गेली. आता दुसरा सर्व्हर रिकामा करून सगळी नक्कल नव्याने उतरवणे भाग होते.

तशी आज्ञा दिली, पण पडद्यावर काहीच उमटेना. खरे तर ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत मुकाट थांबली होती. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याला वाटले, दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना कप्पा आड येत असावा. त्याने तो पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांतच लक्षात आले, की आज्ञा मुख्य सर्व्हरवर गेली आहे! ती लगेच थांबवली, तरी सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट माहिती उरली होती.

मग बॅकअप शोधणे सुरू झाले. रोजचा बॅकअप जिथे साठायचा, ती जागा रिकामी निघाली. माहितीसाठा ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी बंद पडत होता. तसे कळवणारे ई-मेल निघत, पण त्यांवर ओळखीची योग्य खूण नसल्याने ते पोहोचण्याआधीच नाकारले जात. तक्रार येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, असा समज झाला. भाड्याच्या सर्व्हरबरोबर डिस्कची प्रत घेण्याची सोय मिळत होती, पण ती या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. आणि नकलेचा सर्व्हर तर नुकताच रिकामा केलेला!

तारले ते योगायोगाने. सुमारे सहा तास आधी एका चाचणीसाठी माहितीची एक प्रत हाताने घेतलेली होती. डिस्क मंद असल्याने ती परत आणायला वेळ लागला आणि सेवा सुमारे १८ तास बंद राहिली. प्रोग्रॅमचा मजकूर वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचला, पण सहा तासांतल्या नोंदी गेल्या. त्यांत सुमारे ५,००० प्रकल्पांच्या, ५,००० अभिप्रायांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी होत्या. कंपनीने हे सारे जगासमोर मांडले आणि दोष एका माणसाच्या माथी न मारता व्यवस्थेत शोधला.

यात विज्ञानाच्या तासाला उपयोगी असे बरेच आहे. गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आहे. याचा अर्थ प्रवाह नाही, की तार तुटली आहे? ज्ञात प्रवाह सोडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बॅकअपचेही तसेच आहे. त्यातून माहिती परत मिळवून दाखवली, तरच तो आहे म्हणायचे. दुसरे असे, की बिघाडाचे कारण सुचले म्हणजे ते सिद्ध झाले नाही. आधी तपासावे, मग हात घालावा. आणि पुसण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत, ते वाचावे. या घटनेनंतर कंपनीने पडद्यावर प्रत्येक सर्व्हरची ओळख ठळक दिसावी असे ठरवले. तिसरे, नक्कल ठेवणारा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो चुकीचीही इमानाने नक्कल करतो.

आपल्या शाळेत एवढे करून पाहा. निकालाच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ती दुसऱ्याच संगणकावर उघडा, विद्यार्थी मोजा आणि कोणतेही दहा गुण कागदी नोंदींशी ताडा. हे काम नववीच्या मुलांना द्या. कदाचित पहिल्याच दिवशी फाइल उघडणार नाही. उघडली नाही, तर आनंद माना : निकालाच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा ते आज कळले.