आनंदाचा रकाना

बँकेतल्या नोकरीची पहिली वर्षे. कर्जातून घेतलेली जनावरे जागेवर आहेत की नाहीत, हे पाहायला गावोगाव जावे लागे. एकदा वराहपालनाचे कर्ज घेतलेल्या एका गृहस्थाच्या वाड्यापाशी मी छापील तक्ता घेऊन उभा होतो. संख्या, वजन, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक. तेवढ्यात त्याने ताज्या पेंढ्याचा भारा आत टाकला आणि पिल्ले उधळलीच! एक गर्रकन फिरले, दुसऱ्याने मान झटकली, तिसऱ्याने पळता पळता धपकन अंग टाकून दिले. ‘‘खूश झाली, साहेब,’’ मालक म्हणाला. मी हसून सही केली. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

तो माणूस शास्त्र बोलत होता, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

आपल्याकडे या प्राण्याची मोठी गंमत आहे. विष्णूने पृथ्वी वर काढली ती वराहरूपाने. पण ‘डुक्कर’ म्हटले की शिवी होते. त्याच्या मनात डोकावण्याची तसदी कोण घेणार? ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या संशोधकांनी घेतली. त्यांनी पाळीव डुकरे मोकळ्या, झाडाझुडपांच्या आवारात सोडली. १९८८ साली पिल्लांच्या खेळावरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या उड्या, गिरक्या, मानेचे झटके, लुटुपुटीच्या झटापटी वाचताना मला तो वाडाच समोर दिसला.

पण खेळ म्हणजे आनंद, हे ठरवायचे कसे? २०१३ साली नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही डुकरांना जोडीजोडीने प्रशस्त जागेत सोडले. तिथे उकरायला पेंढा आणि भुसभुशीत माती, शिवाय चॉकलेट लावलेले बेदाणे! दुसऱ्या काहींना एकेकटे ठेवून अधूनमधून त्रास दिला. खेळणे, शेपूट हलवणे आणि भुंकल्यासारखा आवाज काढणे जवळजवळ पहिल्याच गटात दिसले.

कारण उघड आहे. खेळ ही पोट भरल्यानंतरची, जिवाला घोर नसतानाची चैन. भूक, दुखणे, भीती आली की प्राणी खाणेपिणे शेवटपर्यंत सोडत नाही. खेळ मात्र आधी सोडतो. घरात नातू तापाने निपचित पडलेला असतो. थर्मामीटर नंतर, त्याने उशी भिरकावली की आजी म्हणते, ‘‘उतरला गं ताप!’’ आजीचे हे निदान सहसा चुकत नाही.

अर्थात हिशेब इतका सरळही नाही. बराच काळ कोंडून ठेवलेले वासरू मोकळे सोडले की जास्तच बागडते. त्या बागडण्यात आधीच्या कोंडवाड्याची थकबाकी असते. म्हणून एका दिवसाच्या खेळावरून शिल्लक काढू नये.

तरीही या संशोधनाने एक मोठी गोष्ट केली. आजवर प्राण्यांच्या बाबतीत आपण फक्त नावेची बाजू लिहिली : उपासमार नको, इजा नको, रोग नको. जमेची बाजू कोरीच. त्रास नाही म्हणजे सुख आहे, असे आपण माणसांच्या बाबतीत तरी मानतो का? युरोपीय संघाने २००१ साली नियम केला, की डुकरांना उकरायला-चघळायला पेंढा, लाकूड, भुसा असे काहीतरी सतत मिळाले पाहिजे. म्हणजे निदान एक ओळ तरी त्या बाजूला लिहिली गेली.

जनावर शेवटी माणसाच्या ताटातच जाणार असेल, तर त्याच्या उड्यांचे काय एवढे, असे कोणी विचारील. मला उलटे वाटते. ज्याच्याकडून आपण सर्वस्व घेणार, त्याचे चार आनंदाचे दिवस हे आपल्यावरचे देणे आहे.

तो तक्ता आज पुन्हा हाती आला, तर बिल्ल्याच्या क्रमांकाशेजारी मी पेनाने एक उभी रेघ ओढीन आणि वर लिहीन : ‘पिल्ले खेळतात काय?’