हितसंबंध कुणाचा, अतिक्रमण कुणाचे?

दौंड तालुक्यातील भीमेकाठच्या एका गावात मी पाच वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. जागा राखीव होती म्हणून निवडून आलो, हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. राखीव नसती तर त्या खोलीतील खुर्ची आमच्या वस्तीला दिसलीही नसती.

पहिल्याच वर्षी आमच्या वस्तीतील गटाराचा विषय मासिक सभेपुढे आला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते, त्यातलेच हे काम. तीन दरपत्रके टेबलावर होती. तिन्हींत ‘गटार’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकीचा लिहिलेला होता. सर्वांत कमी दर ज्याचा, तो समोर बसलेल्या एका सदस्याचा दाजी. हे सभेत प्रत्येकाला ठाऊक होते. कुणी बोलले नाही. मीही बोललो नाही. ठरावाखाली सही केली. गटार वस्तीच्या निम्म्यात येऊन थांबले आणि बिल मात्र पूर्ण निघाले. त्या बिलात माझ्या सहीचाही वाटा आहे, हे मी प्रथम कबूल करतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, पंचायतीने करावयाच्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल, तो सदस्य राहू शकत नाही. १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आणखी पुढे जातो. ज्या विषयात आपला असा हितसंबंध आहे त्यावर नगरसेवकाने मत दिले किंवा चर्चेत भाग घेतला, तरी तो अपात्र ठरतो. म्हणजे दौंडच्या नगरपरिषदेत बसणाऱ्यालाही आणि माझ्यासारख्या खेड्यातल्या सदस्यालाही कायद्याने एकच गोष्ट बजावली आहे: देणारा हात आणि घेणारा हात एक असू नये.

परंतु ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे किती अप्रत्यक्ष? विदर्भातील एका नगरपालिकेच्या सदस्याचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितले की केवळ नात्यावरून हितसंबंध सिद्ध होत नाही. गोव्यात मात्र २०१२ साली उलट घडले. पंचायत सदस्य असलेल्या एका स्त्रीच्या पतीने पंचायतीचे कंत्राट घेतले होते. गोव्याच्या कायद्यात पतीपत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून पतीच्या कंत्राटात तिचाही हिस्सा आला आणि ती अपात्र ठरली. आपल्याकडे तसा कायदा नाही. मेहुण्याच्या, दाजीच्या नावावर काम घेतले की नाते पुरेसे ठरत नाही. पैसा घरात आला हे तक्रारदाराने दाखवावे लागते. ते दाखवणार कोण? ज्याच्या उसात मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणारा भूमिहीन मी तरी पाहिला नाही.

ह्याच कलम १४ मध्ये २००६ साली आणखी एक अपात्रता आली: शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण. हेतू उघडच चांगला आहे. सरकारी जमीन बळकावणाऱ्याने तिचा राखणदार होऊ नये, हीही हितसंबंधाचीच गोष्ट. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याने स्वतः अतिक्रमण केले तोच अपात्र. २०१८ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत बदलले. कुटुंबीयांनी अतिक्रमण केलेल्या जागेत जो राहतो, तोही अपात्र.

न्यायालयाच्या तर्कात चूक काढावी असा मी वकील नाही. मी फक्त दोन पारडी शेजारी ठेवून पाहतो. कंत्राटाच्या बाबतीत नाते पुरेसे नाही. घराच्या बाबतीत मात्र सासऱ्याने घातलेले छप्पर सुनेची खुर्ची काढून घेण्यास पुरेसे आहे. आणि गावात सरकारी जागेवर घरे कुणाची असतात? बागायतदार गायरानाचा बांध कोरतो, पण त्याचे घर त्याच्या गटात असते. ज्यांना गावाने जमीनच ठेवली नाही, त्यांनी गायरानावर राहावयाचे नाही तर कुठे? शासनानेही हे ओळखले होते. म्हणून तर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. ज्यांची कागदपत्रे झाली नाहीत ते आजही ‘अतिक्रमक’ आहेत.

माझ्यावर हे गुदरले. गटारानंतर दोन वर्षांनी तसाच दुसरा विषय आला, तेव्हा मी ग्रामसेवकांना म्हणालो, “भाऊसाहेब, ठराव मांडण्याआधी एवढं लिहून घ्या, की ह्या कामात कुणा सदस्याचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा संबंध आहे का.” सभा शांत झाली. विषय पुढे ढकलला गेला. महिन्याभरात माझ्या घराविरुद्ध अतिक्रमणाची तक्रार दाखल झाली. तिचा निकाल लागण्याआधीच माझी मुदत संपली.

ह्या संदर्भात घटना समितीतील एक चर्चा आठवावी. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी सुचवले की मंत्र्याने पद घेण्यापूर्वी मालमत्ता, धंदा, व्यापार यांतील आपले सर्व हितसंबंध जाहीर करावेत. बाबासाहेबांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. हेतू स्तुत्य आहे, पण संपत्ती कशी वाढली याचा जाब आणि त्यासाठी शिक्षा नसेल तर नुसते जाहीर करून भागणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यापेक्षा विधिमंडळात एकवटलेले लोकमत हा अधिक चांगला धाक, असे त्यांना वाटत होते.

त्यांचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच गावासाठी मी निराळी मागणी करतो. विधिमंडळात विरोधी बाक असतो, वर्तमानपत्र असते. गावच्या सभेत बहुमत हे बहुतेक वेळा जातीचे बहुमत असते, आणि खेड्याविषयी बाबासाहेबांना कोणताही भ्रम नव्हता. तेथे लोकमत एकवटायचे तर निदान माहिती कागदावर यावी लागते. सर्वांना ठाऊक असणे वेगळे आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलेले असणे वेगळे. ठाऊक असलेल्या गोष्टीचा पुरावा होत नाही. लिहिलेल्याची नक्कल माहितीच्या अधिकारात दहा वर्षांनीही मागता येते.

म्हणून राखीव जागेवरून निवडून गेलेल्या माझ्या भावांना आणि बहिणींना माझी विनंती आहे. कामाचा प्रत्येक ठराव मतास टाकण्यापूर्वी उभे राहून विचारा: ह्यात कुणाचा संबंध आहे काय? असेल त्याने सांगावे आणि बाहेर बसावे. कुणी नाही म्हटले तर तेही नावानिशी लिहून घ्या. खोटे ‘नाही’ पुढे त्याच्याच अंगाशी येईल. नोंद करण्यास नकार मिळाला, तर सही करू नका आणि आपला विरोध लिहून द्या.

आणि आपला स्वतःचा संबंध आधी सांगा. माझे घर गायरानावर आहे. आजोबांनी बांधले, मी त्यात जन्मलो. हे त्या सभेत पहिल्या दिवशीच मी बोललो असतो, तर पुढे त्याची भीती घालणे कुणाला सोपे गेले नसते.