तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या

नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या दर्शनाला रीघ लागते. त्या रांगेत काही जण नवस बोलायला आलेले असतात. “आई, आजपासून थेंबसुद्धा घेणार नाही.” शेजारी बायको हात जोडून उभी असते. शपथ अगदी मनापासूनची असते. पण वर्षानुवर्षं रोज प्यायलेल्या शरीराला शपथ कळत नाही, दारू अचानक थांबली एवढंच कळतं.

पुढे काय होतं, ते अनेक घरांनी पाहिलं आहे. पहिल्या दिवशी हात थरथरतात, चहा बशीत सांडतो, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते. तिसऱ्या रात्री माणूस उठून बसतो आणि गोधडीवरून चिमटीने काहीतरी वेचू लागतो. “मुंग्या आहेत, दिसत नाहीत का?” गोधडी तर स्वच्छ असते. मग त्याला भिंतीवर उंदीर दिसतात, दारात माणसं दिसतात. अंग तापतं, समोरची बायको ओळखू येत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, “बाहेरचं लागलं.” लिंबू उतरवलं जातं, देवऋषी येतो आणि मोलाचे तास हातचे जातात.

ही बाधा नाही. या आजाराला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ साली दिलं. दारू मेंदूला शांत करते, म्हणजे ब्रेक दाबते. रोजच ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू बरोबरी साधायला अॅक्सिलरेटर वाढवत नेतो. दारू एकदम बंद झाली की ब्रेक सुटतो आणि अॅक्सिलरेटर तसाच राहतो. राहूड घाट उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसारखी मेंदूची गत होते. उपचार नव्हते तेव्हा यातले एक-तृतीयांशापर्यंत रुग्ण दगावत. आज वेळेवर दवाखाना गाठला तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं.

दारूमुळे येणाऱ्या वेडाचं दुसरं रूप याहून फसवं आहे. माणूस शुद्धीत असतो, वार-तारीख बरोबर सांगतो, पण त्याला आवाज ऐकू येतात. शिव्या देणारे, धमकावणारे. “ते मला मारायला येणार आहेत,” म्हणून तो रात्रभर कोयता उशाशी घेऊन बसतो. कधी बायकोवरचा संशय इतका पक्का होतो की तिच्या जिवाला धोका निर्माण होतो. दारू सुटली आणि औषधं मिळाली की हे आवाज बहुधा काही दिवसांत, आठवड्यांत थांबतात. महिना उलटूनही राहिले, तर दुसरा मानसिक आजार आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञाने तपासायला हवं.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. व्यसन हा आजार आहे, हे पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र इतकी वर्षं सांगत आलं आहे. तरीही घराघरांत त्याला नाद म्हणतात, खोड म्हणतात, आणि आजाऱ्याला खोलीत कोंडतात.

म्हणून शपथ जरूर घ्या, पण आधी दवाखान्याची पायरी चढा. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवतात. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन त्यांचा डोस हळूहळू उतरवतात. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी देतात, कारण त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणून देऊ नका. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि ती तिसरी रात्र आलीच, तर मुंग्या आहेत की नाहीत यावर वाद घालू नका. त्याला बांधू नका. खोलीत दिवा लावा, कोयता-विळा बाजूला करा, त्याला नावाने हाक मारत राहा. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ला फोन करावा. सकाळची वाट पाहू नका.