खुर्चीचा पाय डुगडुगतोय?

बहुतेक घरांत एक तरी डुगडुगती खुर्ची असतेच. घरच्यांना तिची खोड माहीत असते, त्यामुळे ते सवयीने सांभाळून बसतात. पाहुणे आले की, 'त्या खुर्चीवर नको हं, इकडे बसा' असं म्हणून वेळ मारून नेली जाते. 'बघू, सुतार आला की करून घेऊ,' या एका वाक्यावर मग वर्षं निघून जातात. आणि हल्ली एका पायासाठी सुतार येतो तरी कुठे?

आमच्याकडे हा प्रश्न ऐरणीवर आला तो सासूबाईंमुळे. त्यांची सागवानी हातांची खुर्ची कोकणातल्या घरून आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आली आणि दोन उन्हाळ्यांत तिचा मागचा पाय हलायला लागला. आई ऐंशीच्या पुढच्या. उठताना त्या खुर्चीच्या एका हातावर सगळा भार टाकतात. या वयात पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुढे काय होतं ते आपण आजूबाजूला पाहतोच. "आई, तुम्हाला नवीन खुर्ची आणू या," म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, पाय हलतोय, खुर्ची नाही मोडलेली!"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे जवळच्याच एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी मला समजावून दिलं. चांगल्या लाकडी खुर्चीचा पाय खिळ्यावर उभाच नसतो. आडव्या पट्टीचं टोक बारीक करून पायातल्या भोकात घट्ट बसवलेलं असतं. त्या टोकाला म्हणतात कूस. जुन्या खुर्च्यांमध्ये ती सरसाने चिकटवायचे, आता फेविकॉलने चिकटवतात. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. कोकणातून पुण्यात आलेली खुर्ची उन्हाळ्यात सुकली, कूस बारीक झाली, वाळलेला सरस सुटला आणि पाय हलायला लागला. लाकूड मात्र ठणठणीत! "ताई, पाय हलला की लगेच जोडायचा. हलता ठेवला तर भोक मोठं होत जातं, मग काम वाढतं," काका म्हणाले.

आईंच्या खुर्चीत भाऊजींनी कधीतरी ठोकलेले दोन खिळेही निघाले. पाय हलला की खिळा ठोकायचा, हा आपला घरोघरचा उपाय! पण त्या खिळ्याने कूस चिरते. पुढे खिळा गंजतो, सैल होतो आणि पाय पुन्हा हलतोच. वर नंतर सांधा उघडतानाही तोच आडवा येतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी ते काम घरीच केलं. त्याची रीत अशी.

जुन्या गोधडीवर खुर्ची उलटी ठेवा. एकेक पाय हलवून नेमका कुठला सांधा सैल आहे ते बघा. जे घट्ट आहेत त्यांना हात लावू नका. सैल सांध्यांवर खडूने दोन्ही बाजूंना एकच आकडा घाला, म्हणजे जोडताना अदलाबदल होणार नाही. खिळे, स्क्रू आधी काढा. मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून त्यावर हातोडीने हळूहळू ठोकत सांधा सोडवा. जुना सरस हटत नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरा, तो मऊ पडतो. मात्र पॉलिशवर पाणी सांडू देऊ नका.

पुढचं काम सर्वांत महत्त्वाचं. कुसेवरचा आणि भोकातला जुना सरस बोथट सुरीने पूर्ण खरवडून काढा. नवा फेविकॉल जुन्या थरावर धरत नाही, त्याला उघडं लाकूडच लागतं. पॉलिश पेपर जपून वापरा, नाहीतर कूस आणखी बारीक होईल. लाकूड कोरडं झालं की काही न लावता पाय बसवून बघा. सैल वाटला तर सुताराकडून रंध्याचं पातळ सालपट आणून कुसेभोवती फेविकॉलने चिकटवा. मोठ्या फटीत नुसता फेविकॉल ओतून किंवा भुसा भरून काम टिकत नाही.

आता भोकात आणि कुसेवर दोन्हीकडे पातळ फेविकॉल लावा आणि पाय दाबून बसवा. सांधा आवळून धरायला क्लॅम्प कुठून आणायचा? सुतळी आहे ना! पायांभोवती दुहेरी सुतळी बांधा, मध्ये उलथन्याची दांडी घाला आणि पीळ देत जा. कडांना सुतळी रुतू नये म्हणून खाली कापडाची घडी ठेवा. लगेच खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का बघा. समोरासमोरच्या पायांमधलं तिरकं अंतर दोऱ्याने मोजा. दोन्ही अंतरं सारखी भरली की खुर्ची काटकोनात आहे. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसा. मग २४ तास कुणालाही बसू देऊ नका. त्यानंतरही आधी घरातल्या धडधाकट माणसाने बसून, हलून बघायचं आणि मगच आजी-आजोबांना ती द्यायची.

हे काम उन्हाळ्यात करावं. पावसाळ्यात लाकूड फुगल्यामुळे हलणारे पायही घट्ट वाटतात, पण दिवाळीनंतर पुन्हा सुटतात. गणपतीच्या चौरंगाचे पायसुद्धा ऐन भाद्रपदात नव्हे, तर मे महिन्यातच तपासून ठेवा.

काही फर्निचरची तऱ्हा वेगळी असते. डायनिंग टेबलाचे पाय बरेचदा बोल्टने बसवलेले असतात. तिथे पान्याने नट आवळला की काम होतं. भरीव लाकडात स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर गूल काढलेल्या आगपेटीच्या काड्या फेविकॉल लावून त्यात ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू फिरवा. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाला मात्र असा उपाय फारसा टिकत नाही. तिथे पायाची पट्टी थोडी सरकवून नव्या जागी बसवावी लागते. कूसच मोडली असेल, पायाला उभी चीर असेल किंवा लाकडातून बारीक भुसा गळत असेल, तर सुतारालाच दाखवा. आणि फरशीच उंचसखल नाही ना, हे बघितल्याशिवाय पाय कापायला तर मुळीच घेऊ नका!

आईंची खुर्ची आता हलत नाही. "किती पैसे घेतले सुताराने?" त्यांनी विचारलं. मी केलं म्हटल्यावर त्यांनी हातावर भार देऊन दोनदा उठबस करून बघितली आणि म्हणाल्या, "आता देवघरातला पाट बघ."

शिवणाच्या डब्यासारखा एक छोटा डबा हातोडी, पाना, पॉलिश पेपर, सुतळी आणि फेविकॉलचाही असू द्या. खुर्ची फरशीवरून ओढू नका, उचलून ठेवा. मुलांना मागच्या दोन पायांवर झुलू देऊ नका, कारण सगळा ताण त्याच सांध्यांवर येतो. आणि येत्या रविवारी घरातल्या सगळ्या खुर्च्या एकदा हलवून बघा. जिच्यावर घरातलं वयस्कर माणूस बसतं, तिच्यापासून सुरुवात करा.