धरणाच्या खाली आपलं घर आहे?

“आमचं धरण मजबूत आहे, त्याला कसला धोका?” असं आपण सहज म्हणतो. पण मैत्रिणींनो, धोका दोन तऱ्हांनी बघतात. धरण फुटलंच तर खाली किती माणसं, घरं सापडतील? आणि आज धरणाची तब्येत कशी आहे? धरण ठणठणीत असलं तरी खाली वस्ती असेल, तर ते जास्त धोक्याचंच धरतात.

तब्येतीचे तीन वर्ग. शाळेत पहिला वर्ग म्हणजे शाबासकी, इथे नेमकं उलटं! पहिल्यातला दोष धरण फोडू शकेल असा, दुसऱ्यातला तातडीच्या दुरुस्तीचा, तिसऱ्यातला किरकोळ. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने सक्तीची केली.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडीतली घरं वाहून गेली, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरलं, असं तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितलं. खेकडे बिचारे काय बोलणार?

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. पण ते गढूळ येऊ लागलं, की आतली माती वाहतेय असं समजावं. ओढ्यावर धुणं नेणाऱ्या बाईला हे साहेबांच्या आधी दिसतं. भरावावर नवी भेग, खचलेली जागा दिसली, तर पाटबंधारे कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गढूळ पाणी जोरात येत असेल तर मात्र अर्ज राहू दे. तहसीलदारांना फोन करा, आणि पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन आधी उंचावर जा.