फायबरग्लासची होडी कुजते कशी?

फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचे कापड आणि ते घट्ट धरून ठेवणारी कृत्रिम राळ. काच कुजत नाही, राळही कुजत नाही. तरीही जुन्या फायबरग्लास होड्या आतून कुजलेल्या आढळतात. याचे कारण काय असेल?

अशा पुष्कळ होड्यांत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्या पोटातही बहुधा प्लायवूड असते. इंजिन बसवताना फळीला भोके पाडतात. ती नीट बुजवली नाहीत, तर बोल्टांच्या कडेने पाणी आत झिरपते. मग जे आवरण पाण्याला आत येऊ देत नव्हते, तेच त्याला बाहेर जाऊ देत नाही!

लाकूड कुजवते ती बुरशी. पाणी तिला जगवते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून कमी असेल, तर बुरशी वाढत नाही. ओलावा कसा मोजतात? समजा, ओल्या तुकड्याचे वजन १३० ग्रॅम आहे आणि पूर्ण वाळल्यावर ते १०० ग्रॅम भरले. गेलेले पाणी ३० ग्रॅम, म्हणून ओलावा ३० टक्के. एवढा ओलावा बुरशीला पुरतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी तिला अधिक मानवते.

फळीवर हातोडीने हळूच ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर लाकूड बहुधा चांगले. बद्द आवाज आला तर शंका घ्यावी. गिरमिटाने बारीक भोक पाडल्यावर काळपट, ओला भुसा निघाला, की खात्री पटते. अशी फळी भर समुद्रात मोडली, तर इंजिन जाईल आणि होडीत पाणी भरेल.

दुरुस्ती घरी करता येते, पण ती जाणत्या मोठ्या माणसांनीच करावी. आतल्या बाजूचे आवरण कापून कुजलेले लाकूड पटाशीने काढतात. जवळपासचे लाकूड पूर्ण वाळू देतात. मग मरीन प्लायवूड इपॉक्सीने चिकटवून त्यावर काचकापडाचे नवे थर चढवतात. कुजलेल्या लाकडावर नुसती राळ ओतली, तर गेलेली ताकद परत येत नाही. कापताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना व डोळ्यांना अपायकारक असते, म्हणून मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे हवेतच. इपॉक्सीत हार्डनर मिसळला की उष्णता निर्माण होते. म्हणून ती थोडीथोडीच कालवावी.

शेवटी बोल्टांची भोके मोठी करून इपॉक्सीने भरतात आणि ती घट्ट झाल्यावर मधोमध नवे भोक पाडतात. आता बोल्टाभोवती लाकूड नसून इपॉक्सी असते. हे काम टाळले, तर नवी फळीही कुजणारच!

तुमच्या घरी मोरीजवळच्या कपाटाचे दार खालच्या कडेला फुगले आहे का? पाणी कोठून शिरले असेल, ते शोधून काढा.